बाबांची साडेसहाशे पुस्तकं आणि खारेगावचं एक कपाट

प्रिय ताई,

आमची पाचपाखाडीतली सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. अडीच महिन्यांत घर रिकामं करून द्यायचंय. नवी इमारत उभी राहीपर्यंतच्या तीन वर्षांसाठी खारेगावला भाड्याने वन बीएचके घेतलाय, तिथे पुस्तकांसाठी एकच कपाट मावतं. माझे सासरे ८४ वर्षांचे आहेत. स्थापत्य अभियंता होते, निम्मी नोकरी वाशी-नेरुळकडच्या पायाच्या कामांवर गेली. त्यांची साडेसहाशेच्या आसपास पुस्तकं आहेत. कादंबरी एकही नाही. माती आणि इमारतींच्या पायांवरची पुस्तकं, पाणिनीचं व्याकरण, तिवरांवरची वनस्पतिशास्त्राची, संख्याशास्त्र, अर्थशास्त्राचा इतिहास, रशियन गणित. कातडी कमावण्याच्या रसायनांवरसुद्धा एक जाडजूड पुस्तक आहे. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. दोन ग्रंथालयांत विचारलं, दोघांनी नको म्हटलं. नवरा म्हणतो, रद्दीवाल्याला बोलाव. मुलगा म्हणतो, सगळं स्कॅन करून नेटवर टाकू. मी बी.कॉम., मला यातलं एक पानही कळत नाही. बाबांना आता मधोमध दिसत नाही, दोन वर्षं वाचन बंद आहे. त्यांना विचारलं तर एवढंच म्हणाले, "तू ठरव." तेव्हापासून मला झोप नाही. सोबत कपाटांचे फोटो पाठवते. काय करू?

— मानसी (नाव बदललं आहे), ठाणे

प्रिय मानसी,

तुमचे चौदा फोटो मी तीन दिवस पुन्हा पुन्हा उघडून बघतेय. मोठे करून करून पुस्तकांच्या कण्यांवरची नावं वाचली. जी वाचता आली नाहीत ती बांधणीच्या कापडावरून ताडली. ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी एकतीस वर्षं गेली, त्यामुळे एवढी सवय आहे. तर सगळ्यात आधी हे सांगते, की संग्रह चांगला आहे. फार चांगला आहे. दिवाणखान्यात मांडण्यासाठी घेतलेल्या पुस्तकांचे कणे ताठ असतात. तुमच्याकडचे पिचलेत, आणि पानापानांतून चिठ्ठ्या डोकावतायत. एका माणसाने पगारातून, एकेक करून, वाचायलाच घेतलेली ही पुस्तकं आहेत.

तेव्हा रद्दीवाला आणि स्कॅनर, दोघांनाही पंधरा दिवस थांबू दे.

"मला यातलं एक पानही कळत नाही" असं तुम्ही लिहिलंय. मलाही कळायचं नाही. मी मराठी घेऊन बी.ए. केलं आणि मग ग्रंथालयशास्त्र. पण भूमितीपासून मत्स्यशास्त्रापर्यंत सगळं माझ्या हाताखालून गेलं. पुस्तक कशाबद्दल आहे, किती जुनं आहे, कुणाच्या कामाचं आहे, हे ओळखायला ते समजावं लागत नाही. त्यातली तीन पानं कुठे बघायची ते माहीत असलं की पुरतं. ती पुढे सांगते.

आधी ग्रंथालयं नको का म्हणाली ते समजून घ्या, म्हणजे मनाला लागणार नाही. पुस्तक घ्यायचं म्हणजे दाखल नोंदवहीत नोंद, शिक्के, वर्गांक, कण्यावर चिठ्ठी, संगणकात भरणं, फळीवर जागा, आणि दर मोजणीच्या वेळी त्याची हजेरी. महाविद्यालयाला अभ्यासक्रमाबाहेरच्या पुस्तकाने जागा अडवलेली परवडत नाही. सार्वजनिक ग्रंथालयं १९६७च्या कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत बसतात, अनुदान त्यावर ठरतं, आणि त्यांचे सभासद मागतात कथा-कादंबऱ्या, चरित्रं, दिवाळी अंक. तिथे जाऊन "साडेसहाशे पुस्तकं आहेत, घेता का?" म्हटलं तर कुठलाही ग्रंथपाल हात जोडेल. मीही जोडले असते. पण "संस्कृत व्याकरणाची वीस-बावीस पुस्तकं आहेत, ही यादी, यातली तुमच्याकडे कुठली नाहीत?" असं विचाराल, तर तोच ग्रंथपाल चष्मा शोधायला लागतो.

आमच्या शास्त्राचे गुरू शि. रा. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. दुसरा सिद्धांत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. दुसरा सगळ्यांच्या तोंडी असतो. तिसरा कष्टाचा, कारण पुस्तक स्वतः उठून वाचक शोधायला जात नाही, कुणाला तरी त्याच्यासाठी चार दारं वाजवावी लागतात. अभ्यासाच्या पुस्तकांचं तर हेच दुखणं आहे. त्यांना वाचक मोजकेच, पण जो असतो तो वर्षानुवर्षं ते शोधत असतो. साडेसहाशे पुस्तकं एकगठ्ठा घेणारा तुम्हाला भेटणार नाही. पाच घेणारा, बारा घेणारा, एकच घेणारा, असे वीस-पंचवीस जण भेटतील. आणि ते बरंच आहे.

बरं का, ते मी अनुभवाने सांगते. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका दिवंगत प्राध्यापकांचा सगळा संग्रह एका संस्थेकडे आला, मी तेव्हा तिथे सहायक होते. अकराशेच्या वर पुस्तकं. त्यांच्या मुलीने टेम्पो करून आणली, आम्ही आभाराचं पत्र दिलं, खोकी तळमजल्यावरच्या खोलीत लावली. सुट्टीत नोंदी करू, असं ठरलं. सुट्टी परीक्षांच्या कामात गेली. जुलैत एका रात्री खोलीत गुडघाभर पाणी शिरलं. वरची खोकी वाचली. खालच्यांतली गुळगुळीत कागदाची पुस्तकं भिजून वाळली तेव्हा पानं एकमेकांना अशी चिकटली होती की पुस्तकाची वीट झाली होती, नखाने पान सुटेना. दोन वर्षांनी ती मुलगी वडिलांचं एक पुस्तक बघायला आली. काउंटरला मीच होते. तिला काय सांगितलं ते आजही लिहवत नाही. तेव्हापासून कुणी "सगळं एकदम देऊन टाकते" म्हणालं की मी त्याला बसवून घेते.

तर यादी. मुलाला स्कॅनिंगची हौस आहे ना, त्याला इथे जुंपा. प्रत्येक पुस्तकाचे दोन फोटो, आतलं शीर्षकपान आणि त्याच पानाची मागची बाजू. मुखपृष्ठाच्या नादी लागू नका, बांधणी बदललेल्या पुस्तकांत ते असतंच असं नाही. मागच्या बाजूला प्रकाशक, साल, आवृत्ती सापडेल. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत गल्लत करू नका. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. नवी आवृत्ती म्हणजे मजकुराला हात लावला. "तिसरी आवृत्ती १९६२, पुनर्मुद्रण १९७१" असं असेल तर पुस्तक १९६२चं धरायचं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, असेल तर तोही टिपा. २००७ पासून तो १३ आकडी असतो, त्याआधी १० आकडी होता. भारतात छापलेल्यांत देशाचा आकडा ८१ किंवा ९३. साठच्या दशकातल्या पुस्तकांवर तो नसणारच, त्यात काही खोट नाही.

तिसरं पान म्हणजे शेवटची सूची. विषय कळत नसेल तेव्हाची ही माझी जुनी युक्ती. सूचीवरून बोट फिरवत न्यायचं, आणि ज्या शब्दापुढे सगळ्यात जास्त पानांचे आकडे असतील ते दोन-तीन शब्द टिपायचे. पुस्तकाचं नाव कितीही मोघम असो, लेखकाचा जीव कशात आहे ते तिथे कळतं.

नवव्या फोटोत डावीकडून चौथं पुस्तक बघा. कण्याच्या खालच्या टोकाला पिवळट चिठ्ठी आहे, तिच्यावर ६२४ लिहिलंय. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकांना आकडे देण्याच्या पद्धतीत, ६२४ म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकी. म्हणजे ते कुठल्या तरी ग्रंथालयातून आलंय. आत "बाद" असा शिक्का असेल तर बाबांनी रीतसर विकत घेतलं असेल. नसेल तर ते परत द्यायचं राहून गेलंय, ते आधी बाजूला काढा. अशी चार-पाच प्रत्येक संग्रहात निघतात, आणि ती परत करताना कुणी रागावत नाही, उलट चहा पाजतात.

सहाव्या फोटोतल्या दुसऱ्या फळीवर मी बराच वेळ रेंगाळले. तिथे कण्यांवर ईएलबीएस ही अक्षरं दिसतात, आणि त्यांना खेटून मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची पुस्तकं. ईएलबीएस म्हणजे ब्रिटिश सरकारने पदरचे पैसे घालून आपल्यासारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या स्वस्त आवृत्त्या. तिकडून रशियाही तेच करत होता, आणि अमेरिकेच्या मदतीनेही पाठ्यपुस्तकं इथे स्वस्तात छापली जात होती. तीन सरकारांची ती चढाओढ आपल्या पगारदार माणसांना लाभली, जगातली उत्तम पुस्तकं त्यांच्या खिशाला झेपली. मीरची गणित आणि भौतिकीची पुस्तकं हुशार मुलं आजही हुडकत असतात. कागद पिवळा पडलाय म्हणून ती रद्दीत घालू नका, आतली उदाहरणं तितकीच कठीण आणि तितकीच सुंदर आहेत.

आता "तू ठरव".

त्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण सगळं पत्र त्या ओळीपाशी येऊन अडलंय. मानसी, डोळ्यांनी साथ सोडलेल्या, घर पडणार हे कळलेल्या माणसाला साडेसहाशे पुस्तकांचं काय करू असं एकदम विचारलं, तर त्याने दुसरं काय म्हणावं? एकदम विचारू नका. एकेक विचारा. संध्याकाळच्या चहानंतर रोज वीस पुस्तकं. तेहेतीस संध्याकाळी लागतील, तुमच्याकडे पंचाहत्तर आहेत. पुस्तक त्यांच्या हातात द्या. डोळ्यांना दिसलं नाही तरी जाडीवरून, कापडावरून, वजनावरून बरीच पुस्तकं ते ओळखतील. मग नाव मोठ्याने वाचा. उच्चार चुकला तर चुकू दे, ते दुरुस्त करतील, आणि दुरुस्त करता करता बोलायला लागतील. त्यांना सांगून फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. कुठून घेतलं, कशासाठी घेतलं, आणि आज ते कुणाच्या हातात असावंसं वाटतं, एवढंच विचारा. तिसऱ्या प्रश्नाला कधी कधी थेट नाव येतं. साइटवरचा एखादा ज्युनिअर, शेजारच्या इमारतीतली गणितात एम.एस्सी. करणारी मुलगी. आलं की लगेच यादीत लिहा.

एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही असं तुम्ही म्हणालात, त्यावरून एक सांगायचंय. कातडी कमावण्याच्या त्या जाड पुस्तकाने मलाही चक्रावून टाकलं होतं. पायाची कामं करणारा माणूस हे कशाला घेईल? मग फोटोत त्याच्या शेजारी काय आहे ते पाहिलं. तिवरं. खाडीतल्या तिवरांच्या, विशेषतः कांदळाच्या, सालीत टॅनिन भरपूर असतं आणि कातडं कमावायला ती साल वापरत आलेत. म्हणजे बाबा आधी चिखलापाशी गेले, चिखलातून तिवरापाशी, आणि तिवराच्या सालीमागे थेट चामड्याच्या रसायनापर्यंत, असा माझा कयास आहे. चुकीचाही असेल. पण पहिल्या संध्याकाळी हेच विचारा, मला फार उत्सुकता आहे.

आणि चिखलापाशी ते का गेले, हे तर तुमच्या पत्रातच आहे. वाशी-नेरुळची खाडीकाठची जमीन म्हणजे मऊ, पाण्याने भरलेली चिकणमाती. अशा मातीवर वजन टाकलं की आधी ते वजन तिच्यातलं पाणी पेलतं. मग पाणी हळूहळू निघून जातं, वजन मातीच्या कणांवर येतं, आणि जमीन खचत राहते, कधी कधी वर्षानुवर्षं. कार्ल टर्झागी या अभियंत्याने १९२५ साली याचं गणित मांडलं आणि मातीच्या यांत्रिकीचं एक नवं शास्त्र उभं राहिलं. म्हणून अशा जागी आधी भराव टाकायचा, वाळूचे उभे निचरे घालून पाणी लवकर बाहेर काढायचं, जमिनीला आधीच खचू द्यायचं आणि मग बांधायचं. पाचव्या फोटोत जे पुस्तक उघडं पडलंय त्याच्या समासात पेन्सिलने काही आकडे आणि "भरती" असा एक शब्द लिहिलेला दिसतो. छापील पुस्तक दुसरीकडे मिळेल. खाडीच्या चिखलात उभं राहून कुणीतरी त्या सूत्राशेजारी लिहिलेले आकडे दुसरीकडे मिळणार नाहीत. एरवी पुस्तकात खरडलेलं मला खपत नाही, विद्यार्थ्यांना मी दंड केलेत. पण या खुणा खोडू नका, आणि अशा पानांचे वेगळे फोटो काढून ठेवा.

माझं मत विचाराल तर माती, तिवरं, ते कातड्याचं पुस्तक आणि ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर (जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ), हा एक गठ्ठा फोडू नका. (गॅझेटियरचं साल बघा. १८८२ची मूळ छपाई असेल तर जपून हाताळा, नंतरची असेल तर ती नेटवर वाचायला मिळते.) ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ साली जाहीर झाला, २०२२ साली खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला, आणि या खाडीवर अभ्यास करणारी मुलं दरवर्षी नव्याने येतात. त्यांना वनस्पती, माती आणि इतिहास एकत्र सापडत नाही. चेंदणी बंदर रोडवरच्या विज्ञान महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला ही यादी पाठवा. ग्रंथालयाला नको, विभागाला. पत्र विभागप्रमुखांच्या नावाने, एका पानाचं, आणि घडी घातलेली यादी सोबत. पंधरा दिवस उत्तर आलं नाही तर स्वतः जा.

तळाच्या फळीवर लाल कापडाच्या बांधणीच्या सात-आठ वह्या दिसतात. त्या पुस्तकांत मोजू नका. साइटवरच्या रोजनिशा असाव्यात. त्या कुणालाही देऊ नका, निदान आत्ता नाही. मुलाला स्कॅन करायचं असेल तर यापासून सुरुवात करू दे. छापील पुस्तकं सरसकट नेटवर टाकता येत नाहीत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक वारल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे राहतो, आणि तुमच्या फळ्यांवरचे बरेच लेखक त्या मुदतीत असतील. वह्या बाबांच्या स्वतःच्या असतील तर त्यांच्या परवानगीचा प्रश्न घरातच सुटतो. फक्त आत कार्यालयाचे अहवाल, नकाशे निघाले तर ते वेगळे ठेवा, बाहेर देऊ नका.

काय जुनं होतं आणि काय होत नाही, हे विषयागणिक ठरतं. गणित आणि व्याकरण जुनं होत नाही. पाणिनीच्या जवळजवळ चार हजार सूत्रांवर १९२०ची टीका, म्हणजे विवरण, आजही कामाची आहे. तिथे उलट जुनी छपाई चांगली, मुंबईच्या जुन्या निर्णयसागर छापखान्याची एखादी प्रत निघाली तर संस्कृतचा माणूस ती दोन्ही हातांनी घेईल. व्याकरणाचे खंड एकत्र बांधा. चारातला एक हरवला तर बाकीचे तीन कुणी घेत नाही. ठाण्यात प्राच्यविद्या अभ्यास संस्था आहे, मुंबईला विद्यापीठाचा संस्कृत विभाग आहे, आणि घरी शिकवणाऱ्या शास्त्रीबुवांना विसरू नका, कारण खरं वाचन तिथे होतं. औषधांची पुस्तकं मात्र जुनी झाली की धोक्याची होतात. तुमच्याकडे तीन-चार दिसतात, ती कुणालाही वापरायला देऊ नका. आयकराची मार्गदर्शकं, डॉसच्या काळातली संगणक पुस्तकं, परीक्षांची गाइडं, ही खुशाल रद्दीत जाऊ देत. माझ्या अंदाजाने अशी ऐंशी-नव्वद निघतील. बाबांनी एकदा हातात घेऊन पाहिली की नवऱ्याला ती आधी द्या, म्हणजे त्याचंही थोडं ऐकल्यासारखं होईल. तो चुकीचा नाही, त्याला टेम्पोचं भाडं दिसतंय.

भारतीय मानकांच्या पातळ पुस्तिका दुसऱ्या फोटोत आहेत, त्यांचं थोडं वेगळं आहे. काँक्रीटचं आयएस ४५६ हे मानक १९७८ साली बदललं, पुन्हा २००० साली. नव्या मुलाने १९७८ची पुस्तिका घेऊन आज इमारत बांधायला नको. पण ८५ साली बांधलेल्या इमारतीची तपासणी करायची तर ती कुठल्या नियमाने उभी केली हे माहीत हवं, आणि तेव्हा ही जुनी पुस्तिकाच लागते. ठाण्यात आज गल्लोगल्ली स्ट्रक्चरल ऑडिट चालू आहेत. तुमच्या सोसायटीचं ऑडिट ज्याने केलं त्याला फोन करून विचारा. सगळ्या पुस्तिका एका पिशवीत घालून घेऊन जाईल.

तिसऱ्या फोटोतल्या साध्या बांधणीच्या मराठी पुस्तकांबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. भूशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र. ही महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाची, सत्तरच्या दशकातली आहेत असं दिसतंय. विद्यापीठातलं शिक्षण मराठीतून व्हावं म्हणून प्राध्यापकांनी शब्द घडवत घडवत लिहिलेली. शिक्षण मराठीतून झालं नाही, पुस्तकं मागे राहिली. दिसायला ती सगळ्यात गरीब आहेत, रद्दीवाला पहिला हात तिथेच घालेल. आज विज्ञानाचा अनुवाद करणाऱ्याला त्यातला एकेक शब्द लाखमोलाचा आहे. ही ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला दाखवा. १८९३ पासून ते मराठी पुस्तकं जमवत आलंय. त्यांच्याकडे असतील तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाला विचारा. विश्वकोशाचे खंड मात्र कुणी घेतले नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका, तो आता नेटवर फुकट वाचता येतो आणि ग्रंथालयांच्या कपाटांत आधीपासून आहे.

जे उरेल ते माटुंग्याला महेश्वरी उद्यानाजवळच्या किंवा फोर्टातल्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांना द्या. पैसे फार येणार नाहीत. पण ते लोक किलोवर बघत नाहीत, नाव वाचतात, आणि त्यांच्यासमोरून रोज विद्यार्थी जातात. तोही पुस्तकाला वाचक मिळण्याचाच रस्ता आहे.

बांधाबांधीचं थोडक्यात. मोठी खोकी घेऊ नका, पुस्तकांनी भरलेलं मोठं खोकं हमालालाही उचलत नाही आणि बूड फाटतं. बिस्किटांची किंवा औषधांची खोकी बरी. रबर लावू नका, सुती नाडी बांधा. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं की आत बुरशी धरते, म्हणून साधा कागद. कसर, म्हणजे कागद खाणारी बारीक कीड, दिसली तर पुस्तक झटकून वेगळं ठेवा. वाळवीची माती दिसली तर ते पुस्तक खोलीतच ठेवू नका. आणि प्रत्येक खोक्यावर आकडा, तोच आकडा यादीत. खारेगावला जी नेणार नाही त्यांच्यासाठी कुणी "तळमजल्यावर जागा आहे, ठेवा" म्हणालं तर नाही म्हणा. का, ते वर लिहिलंय.

खारेगावच्या घरात एक कपाट मावतं म्हणालात. त्यातली एक फळी बाबांची. तीन फुटांच्या फळीत तीस-पस्तीस पुस्तकं बसतात. ती त्यांनी निवडायची, आणि त्यात तुम्ही काही बोलायचं नाही. त्यांनी आयकराचं मार्गदर्शक निवडलं तरी नाही. वाचता येत नसताना पुस्तकं कशाला, असं घरात कुणी म्हणेल. माझी आई शेवटची चार वर्षं दासबोधाची प्रत नुसती मांडीवर घेऊन बसायची. रोज एखादं पान तुम्ही किंवा नातवाने वाचून दाखवलंत तर फारच छान. नाही जमलं तरी फळी असू दे.

शक्य असेल तर आज संध्याकाळीच सुरुवात करा. चौथ्या फोटोत खिडकीजवळच्या फळीवर हिरव्या कापडाचं एक पुस्तक आहे, त्यातून बसच्या तिकिटाएवढा गुलाबी कागद बाहेर आलाय. तो कागद काढू नका. पुस्तक त्याच पानावर उघडून त्यांच्या हातात द्या, आणि ते काय म्हणतात ते मला लिहा. कातड्याच्या पुस्तकाचंही.

तुमची ताई